बंदराच्या दिवशी क्रूझवरून उतरलंच पाहिजे का?

प्रश्न असा आहे. पुण्याचं एक कुटुंब भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ करणार आहे: नवरा-बायको, शाळकरी मुलगा आणि पंचाहत्तरीला आलेले आई-बाबा. मार्ग जेनोआ, नेपल्स, मेसिना, व्हॅलेटा, मग एक दिवस समुद्रात, पुढे बार्सिलोना, मार्से आणि परत जेनोआ. आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बाबांना रक्तदाबाचा त्रास आहे. रोज उतरून फिरणं त्यांना झेपणार नाही. मग बंदराच्या दिवशी दोघं जहाजावरच थांबले तर चालतं का, जेवणखाण मिळतं का, ते एकटे सुरक्षित राहतील का, आणि एवढा खर्च करून युरोपला जायचं नि जहाजातच बसायचं, हे पैसे वाया घालवणं नाही का?

चालतं, आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. गँगवे, म्हणजे जहाजातून धक्क्यावर उतरायचा पूल, उघडला की उतरायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं. मी बरीच वर्षं क्रूझ जहाजांवर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर काम केलं, त्यातला मोठा काळ याच समुद्रात. न उतरणारे लोक प्रत्येक बंदरात असतात. काही वयस्कर, काही लहान बाळं असलेले, काही पाचव्यांदा त्याच बंदरात आलेले, आणि काही केवळ शांतपणे पुस्तक वाचायला थांबलेले. त्यांच्याकडे जहाजावर कुणी वेगळ्या नजरेने बघत नाही.

पण ‘आई-बाबा उतरणार नाहीत’ असा सरसकट निर्णय पुण्यातच घेऊन निघू नका. प्रत्येक बंदराचा विचार वेगळा करा, आणि तो करताना सगळ्यात आधी एकच गोष्ट बघा: धक्क्यापासून शहर किती लांब आहे. ब्रोशरमध्ये शहराचं नाव मोठ्या अक्षरात असतं, धक्का कुठे आहे ते नसतं. ‘रोम’ म्हणून लिहिलेलं बंदर चिविटावेकिया असतं, तिथून रोमला तास-सव्वा तास लागतो. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, तिथून बसने दीड तास. ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, आणि तिथून पॅरिस जवळपास दोनशे किलोमीटर. अशा बंदरात ज्येष्ठांनी खुशाल जहाजावर थांबावं. जिथे जहाज शहराच्या कुशीत लागतं, तिथे मात्र तासभर का होईना उतरावं. तुमच्या सुदैवाने या मार्गावर अशी तीन बंदरं आहेत.

जेनोआ हे तुमचं चढण्याचं बंदर, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. लवकर चेक-इन झालं तर वरच्या डेकवरून आई-बाबांना ‘लांतेर्ना’ दाखवा. १५४३ सालापासून उभा असलेला ७७ मीटर उंचीचा हा दीपस्तंभ आजही चालू आहे.

दुसऱ्या दिवशी नेपल्स. विमान बदलत बदलत आलेला प्रवास, साडेतीन-साडेचार तासांचा वेळेचा फरक, नवी केबिन, नवी गादी. या सगळ्यानंतर लगेच सकाळी आठ वाजता पॉम्पेईच्या बसमध्ये आई-बाबांना बसवू नका. पॉम्पेई बघण्यासारखंच आहे, तुम्ही तिघं जरूर जा. पण तिथले दगडी रस्ते दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत, उंचसखल आणि घासून गुळगुळीत झालेले. सावली कमी. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला याहून अवघड जागा या अख्ख्या मार्गावर नाही. आई-बाबांनी सकाळी उशिरा उठावं, सावकाश नाश्ता करावा, डेकवर बसून व्हेसुव्हियस बघावा. इ.स. ७९ मध्ये ज्याने पॉम्पेई गाडलं तोच हा ज्वालामुखी, आणि त्याचा पूर्ण आकार गावात शिरल्यावर दिसत नाही एवढा छान बंदरातून दिसतो. तुम्ही परत आल्यावर वेळ उरला तर त्यांना घेऊन तासभर उतरा. नेपल्सचं क्रूझ टर्मिनल थेट शहराच्या तोंडाशी आहे. बाहेर पडून रस्ता ओलांडला की समोर ‘कास्तेल नुओव्हो’ हा किल्ला. तिथे जाऊन, कॉफी पिऊन, फोटो काढून परत येता येतं.

सिसिली बेटावरच्या मेसिनाला बहुतेक लोक जहाजातून उतरून थेट ताओर्मिना या डोंगरावरच्या गावाच्या बसमध्ये बसतात आणि मेसिना बघतच नाहीत. आई-बाबांसाठी मात्र हे या क्रूझमधलं सगळ्यात सोपं बंदर आहे. १९०८च्या भूकंपात हे शहर जवळपास संपूर्ण कोसळलं. पुन्हा बांधताना रस्ते रुंद आणि सरळ आखले, त्यामुळे चालायला सोपं. धक्क्यापासून मुख्य चर्चचा चौक साधारण दहा मिनिटांवर, आईंच्या चालीने वीस धरा. चर्चशेजारच्या मनोऱ्यावर १९३३ साली स्ट्रासबुर्गच्या कारागिरांनी बसवलेलं यांत्रिक घड्याळ आहे. दुपारी बारा वाजता त्यावरचे सोनेरी पुतळे हलायला लागतात, सिंह गर्जना करतो, कोंबडा आरवतो, दहा-बारा मिनिटं हा खेळ चालतो. सव्वाअकराला उतरा, चौकात सावलीतली खुर्ची धरा, बाराचा खेळ बघा, एकपर्यंत जहाजावर जेवायला परत. तिकीट नाही, बस नाही, गाइड नाही. आईंनी ‘सिसिली पाहिली’ म्हणावं आणि ते खरं असावं.

व्हॅलेटात, म्हणजे माल्टाच्या राजधानीत, मात्र माझा आग्रह वेगळा आहे: उतरलं नाही तरी चालेल, पण जहाज आत शिरताना झोपून राहू नका. ग्रँड हार्बरमध्ये जहाज शिरतं तेव्हा दोन्ही बाजूंना पिवळसर दगडाची प्रचंड तटबंदी जवळून सरकत जाते. या बंदराची खरी भेट तीच आहे आणि ती फक्त जहाजावरच्या माणसाला मिळते. आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये येणाऱ्या दैनिक पत्रकात पोहोचण्याची वेळ असते. तिच्या तासभर आधी वरच्या डेकवर खुर्ची धरून बसा, सोबत शाल ठेवा, वर वारा असतो. नंतर उतरायचं असेल तर धक्क्यालगतच जुन्या गोदामांची रांग आहे, तिथे सपाटीवर फिरता येतं. शहर वर टेकाडावर आहे, पण चढायची गरज नाही. तटबंदीला लागून ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे, ती थेट अप्पर बराक्का बागेत सोडते. बागेच्या खालच्या अंगाला सलामीच्या तोफा आहेत, त्या दुपारी बारा आणि चार वाजता उडवतात. जहाजावर थांबणार असाल तरी आई-बाबांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे आवाजाने दचकणार नाहीत.

त्यानंतरचा दिवस समुद्रातच, म्हणजे विश्रांती आपोआप मिळते. म्हणून त्याला लागून येणाऱ्या बार्सिलोनात आई-बाबांना बसवून ठेवण्याचं कारण नाही. जहाजं लागतात तो धक्का लांबलचक आहे, चालत शहरात जाण्याच्या फंदात पडू नका. टॅक्सी टर्मिनलच्या दारातच मिळते. सग्रादा फामिलिया या प्रसिद्ध चर्चचं वेळ ठरवून मिळणारं तिकीट घरूनच काढा, टॅक्सीने जा, बघा, टॅक्सीने परत या. १८८२ साली सुरू झालेलं ते बांधकाम आत बाकांवर बसून निवांत बघता येतं, त्यामुळे गुडघ्यालाही झेपतं. एवढं एक बघून परत आलात तरी पुरे. तुम्ही तिघं पुढे हवं तेवढं फिरा.

मार्सेला आई-बाबा थांबू देत. क्रूझचं टर्मिनल जुन्या बंदरापासून बरंच लांब, मालवाहू धक्क्यांच्या भागात आहे. शटल बसची रांग, भर दुपारचं ऊन, परतीची पुन्हा रांग. त्यात हा शेवटचा पूर्ण दिवस. रात्रीच बॅगा भरून केबिनबाहेर ठेवायच्या असतात, दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं असतं. त्या दिवशी दोघांनी जहाजावर आराम केला तर तुमचा परतीचा प्रवास सुखाचा होईल.

आता जहाज त्या दिवशी कसं असतं ते सांगतो, कारण ते आधी माहीत असेल तर थांबण्याचा आनंद खरोखर घेता येतो.

साधारण आठ ते दहा गँगवेवर गर्दी, लिफ्ट भरलेल्या. दहानंतर चित्र बदलतं. स्विमिंग पूलच्या भोवती जिथे समुद्रातल्या दिवशी खुर्ची मिळत नाही, तिथे हवी ती मिळते. गरम पाण्याचा टब रिकामा असतो, आणि त्यात बसणं सांध्यांना किती बरं वाटतं ते आईंना अनुभवू द्या, मात्र रक्तदाबामुळे बाबांनी आधी डॉक्टरांना विचारावं. स्पावाले बंदराच्या दिवशी गिऱ्हाईक नसल्यामुळे मसाजवर सवलत देतात, पत्रकात शोधा. दुपारी साडेतीन-चारपासून सहली परतू लागतात आणि जहाज पुन्हा भरतं. म्हणजे तुमच्या हातात पाच-सहा तासांची खरी शांतता असते.

या मार्गावर एक गोष्ट मात्र निराळी आहे. इथल्या काही कंपन्या एकाच बंदरातून सगळे प्रवासी घेत नाहीत, बहुतेक बंदरांत नवे प्रवासी चढतात नि जुने उतरतात. तुमच्यासाठी बार्सिलोना हे मधलं बंदर असेल, तर कित्येक स्पॅनिश कुटुंबांसाठी तो क्रूझचा पहिला दिवस असतो. हे लोक साधारण बारानंतर हातातल्या बॅगा घेऊन थेट बुफेवर येतात, कारण त्यांच्या केबिन अजून तयार नसतात. म्हणून बार्सिलोना आणि मार्सेला दुपारचं जेवण साडेअकराला उरका. पाच-पाच भाषांमधल्या घोषणा त्या दिवशी जास्त होतात, त्यांनी गोंधळून जाऊ नका.

जेवणाबद्दल आणखी एक, शाकाहारी आणि जैन कुटुंबांनी हे नीट वाचावं. बंदराच्या दिवशी मुख्य डायनिंग रूम दुपारी बरेचदा बंद असते आणि बुफे चालू असतो. रात्री तुमच्यासाठी वेगळं जेवण बनवणारा हेडवेटर दुपारी तिथे नसतो. बुफेत शाकाहारी पदार्थ भरपूर असतात, पण कांदा-लसूण न चालणाऱ्याला नेमकं काय चालेल हे सांगणारा माणूस मिळेलच असं नाही. उपाय सोपा आहे: आदल्या रात्री जेवतानाच हेडवेटरला सांगा, “उद्या दुपारी दोघंजण जहाजावर आहेत.” तो किचनला कळवतो आणि कुठे, किती वाजता ताट मिळेल ते सांगतो. सकाळी सांगितलंत तर उशीर झालेला असतो.

दुकानं आणि कॅसिनो मात्र बंद असतात. हा त्या त्या देशाच्या कराचा आणि कायद्याचा प्रश्न आहे, जहाज समुद्रात बाहेर पडलं की दोन्ही उघडतात.

मग येतो ड्रिल. हे मी मुद्दाम सविस्तर सांगतोय, कारण एकट्या राहिलेल्या वयस्कर प्रवाशांना सगळ्यात जास्त घाबरवणारी गोष्ट हीच. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे प्रवासी जहाजावर क्रूचा आगीचा आणि जहाज सोडण्याचा सराव दर आठवड्याला व्हावा लागतो. प्रवासी कमी असतात म्हणून तो बहुधा बंदरातच घेतात. अचानक भोंगा वाजतो, सात आखूड आणि एक लांब. सकाळी ज्याने चहा दिला तोच मुलगा लाइफजॅकेट घालून धावताना दिसतो, दरवाजे बंद होतात, काही वेळा लाइफबोटी पाण्यात उतरवतात. आधी घोषणा होते की हा फक्त क्रूसाठी सराव आहे, प्रवाशांनी काही करायचं नाही. पण ती इंग्रजीत किंवा इटालियनमध्ये असते आणि डुलकी लागली असेल तर ऐकूच येत नाही. सरावाची वेळ आदल्या दिवशी काउंटरवर विचारा आणि कागदावर मराठीत लिहून आई-बाबांच्या उशाशी ठेवा. आणि हेही त्यांना नीट सांगा: त्या वेळेशिवाय दुसऱ्या कुठल्या वेळी तो भोंगा वाजला, तर सराव समजून बसून राहायचं नाही. औषधं आणि जहाजाचं कार्ड घेऊन आपल्या मस्टर स्टेशनला, म्हणजे संकटात जमायच्या ठरलेल्या जागी, जायचं. स्टेशनचं अक्षर किंवा नंबर प्रत्येकाच्या कार्डावर छापलेला असतो. पहिल्या दिवशी त्यांना तिथपर्यंत चालवत न्या, जिन्याने, कारण अशा वेळी लिफ्ट वापरायच्या नसतात. आईंना जिना उतरायला त्रास होत असेल तर चढल्याबरोबर काउंटरवर नोंद करा. अशा प्रवाशांची यादी असते आणि त्यांना न्यायला माणसं नेमलेली असतात. यादीत नाव नसेल तर कुणाला कळणार नाही.

जहाजाच्या अंगाला छोटं तेलवाहू जहाज लागलेलं आणि वर लाल झेंडा फडकताना दिसला तर इंधन भरणं चालू आहे. तेवढा वेळ काही डेकवर धूम्रपान बंद असतं, कधी वास येतो. खिडक्या धुणारे आणि रंगकाम करणारे क्रूही याच दिवशी कामाला लागतात, त्यामुळे बाल्कनीचा पडदा उघडा ठेवून कपडे बदलू नका.

आई-बाबा एकटे राहिले तर सुरक्षित आहेत का? हो. घरी पुण्यात दिवसभर दोघंच असतात त्याहून जास्त सुरक्षित, असं मी पूर्ण विचाराने म्हणतो. दवाखाना जहाजातच आहे. त्याच्या नेहमीच्या वेळा बंदराच्या दिवशी कमी असतात, पण तातडीसाठी डॉक्टर आणि नर्स चोवीस तास असतात. काही गंभीर झालं तर खोल समुद्रापेक्षा बंदरात असणं केव्हाही बरं, रुग्णवाहिका धक्क्यापर्यंत येते. अडचण वेगळ्याच ठिकाणी होते. माणसाला किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलात हलवायचं ठरतं तेव्हा विम्याचे कागद मुलाच्या पाठीवरच्या सॅकमध्ये, मुलगा पॉम्पेईत आणि त्याचा फोन बंद. म्हणून विम्याच्या कागदांची एक प्रत, औषधांची यादी कंपनीच्या नावाने न लिहिता मूळ औषधाच्या नावाने, इंग्रजीत, आणि पासपोर्टची प्रत एका पाकिटात घालून आईंच्या पर्समध्ये ठेवा. तुमचा चालू असलेला नंबर उतरताना काउंटरवर लिहून द्या. दोन मिनिटांचं काम आहे.

फोनबद्दलही सांगतो. जहाज धक्क्याला असताना भारतातून घेतलेला साधा रोमिंग पॅक तिथल्या स्थानिक नेटवर्कवर चालतो, डेकवर आलं की रेंज मिळते. समुद्रात गेल्यावर फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला आपोआप जोडला जातो. ते नेटवर्क तुमच्या पॅकमध्ये नसतं आणि बिल फार मोठं येतं. जहाज सुटायच्या आधी दोघांचे फोन एअरप्लेन मोडवर टाकायचे, हे बाबांना करून दाखवा. उन्हाळ्यात तिथे सकाळचे दहा म्हणजे घरी दुपारचा दीड. नातवंडांशी, शेजाऱ्यांशी बोलायला ही वेळ छान.

खरं सांगायचं तर जहाज गाठण्याची काळजी किनाऱ्यावर गेलेल्यांची करायला हवी. ‘ऑल अबोर्ड’ची, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतायची वेळ जहाज सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी असते. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा कंपनी पुढची सोय करते. स्वतःहून फिरायला गेलेल्यांसाठी थांबत नाही. मग आई-बाबा पुढच्या बंदराकडे निघालेले आणि तुम्ही धक्क्यावर, असं होतं. नेपल्सला चुकलात तर रेल्वेने मेसिना गाठता येईल. पण मेसिनाला चुकलात तर माल्टासाठी सिसिलीतल्याच कातानियाहून विमान शोधावं लागेल. म्हणून आई-बाबा वर असताना तुम्ही मेसिनात ताओर्मिनाला जाणार असाल तर जहाजाचीच सहल घ्या, थोडी महाग पडली तरी. आणि तिजोरीचा नंबर त्यांना माहीत असू द्या. कुणी वेळेत आलं नाही की जहाजाचे लोक त्यांचे पासपोर्ट केबिनमधून शोधून धक्क्यावरच्या एजंटकडे ठेवतात. आत कुणी सांगणारं असलं तर हे लवकर होतं. एजंटचा फोन नंबर दैनिक पत्रकावर छापलेला असतो, उतरण्याआधी त्याचा फोटो काढून घ्या.

पैशांचं म्हणाल तर बंदराचे कर आणि फी तिकिटातच असतात, उतरलं नाही म्हणून परत मिळत नाहीत. रोजचा सेवाआकारही चालूच राहतो. आधी घेतलेली सहल रद्द करायची असेल तर साधारण एक-दोन दिवस आधी कळवावं लागतं, मुदत कंपनीनुसार बदलते, म्हणून आई-बाबांच्या सहली आधीपासून घेऊच नका. तिथे गेल्यावर त्यांचा उत्साह बघून ठरवा. व्हिसामध्ये मात्र सूट नाही. ‘ते उतरणारच नाहीत’ म्हणून शेंगेन व्हिसाशिवाय चेक-इनच होणार नाही. इटली, माल्टा, स्पेन, फ्रान्स सगळे शेंगेनमध्ये असल्यामुळे या मार्गाला तो एकच व्हिसा पुरतो.

आणि पैसे वाया जातात का? मला हा विचार मनापासून चुकीचा वाटतो. तुम्ही जहाजाचेच पैसे भरलेत. केबिन, जेवण, डेक, समुद्र, हे सगळं त्या दिवशीही तुमचंच आहे. दहा तास बसमध्ये घालवून, सुजलेला गुडघा घेऊन परत आलेली आणि पुढचे दोन दिवस केबिनमध्ये पडून राहिलेली माणसं मी काउंटरवरून बर्फाची पिशवी मागताना पाहिली आहेत. एक बंदर सोडलं असतं तर दोन दिवस वाचले असते. नातेवाईक काय म्हणतील याचा हिशेब गुडघ्यावर मांडू नये.

काहीजण विचारतात, आपण थांबलो तर क्रूला त्रास होतो का? नाही. प्रत्येक बंदरात क्रूमधल्या काहींना पाळीने जहाजावरच राहावं लागतं, प्रवासी असोत वा नसोत. बाकीच्यांना दुपारी दोन-तीन तासांची सुट्टी मिळते, त्यात ते घरी फोन करतात, किराणा घेतात. त्यांत गोव्याचे तारवटी असतात, आपल्या सिंधुदुर्गातली मुलंही असतात. तुमचा केबिन स्टुअर्ड दुपारी दिसला नाही तर तो त्या सुट्टीवर असेल. सकाळी नाश्त्याला जाताना त्याला सांगून जा, म्हणजे खोली तेव्हाच आवरून ठेवेल आणि आईंना दुपारी निवांत झोपता येईल. आणि आई-बाबांना मराठीत बोलणारं कुणी हवं असेल तर काउंटरवर विचारा. क्रूच्या नावाच्या पट्टीवर देश लिहिलेला असतो, भारतीय माणूस सापडायला वेळ लागत नाही.

जहाजावर थांबता येत नाही असे प्रसंग थोडे आहेत, आणि ते या मार्गावर येत नाहीत. अमेरिकेत दोन क्रूझ एकापाठोपाठ घेतल्या तर मधल्या दिवशी इमिग्रेशनसाठी बहुधा सगळ्यांना एकदा खाली उतरवतात, जहाज पूर्ण रिकामं झाल्याची नोंद झाली की परत चढवतात. काही देशांत पहिल्या बंदरात प्रत्येक प्रवाशाला अधिकाऱ्यासमोर पासपोर्ट घेऊन उभं राहावं लागतं. एरवी वादळ किंवा तांत्रिक कारण सोडलं तर तुम्हाला कुणी उतरवत नाही.

आपल्याकडून अनेक जण सिंगापूरहून क्रूझ घेतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. पिनांगला जहाज जॉर्ज टाउनच्या जुन्या वस्तीला लागूनच लागतं, तिथे ज्येष्ठांनीही उतरावं. फुकेतला कित्येकदा जहाज पातोंगसमोर नांगर टाकतं आणि टेंडरने किनाऱ्यावर न्यावं लागतं. टेंडर म्हणजे जहाजाच्या दारातून हलत्या बोटीत पाय टाकणं, आणि लाटा असतील तर तो एक फुटाचा फरक गुडघ्याला फार मोठा असतो. लक्षद्वीपला अगत्तीचंही तसंच, जहाज खोल पाण्यात राहतं आणि बेटावर छोट्या बोटीतून जावं लागतं. तुमच्या मार्गावर सगळीकडे धक्का आहे. शिवाय कोकणासारखी भरती-ओहोटी भूमध्य समुद्रात नाही, पाणी जेमतेम फूटभर वरखाली होतं, त्यामुळे गँगवेचा चढ दिवसभर बहुतेक सारखाच राहतो.

केबिन अजून ठरली नसेल तर आई-बाबांसाठी जहाजाच्या मध्यभागी, लिफ्टजवळ, मधल्या डेकवर घ्या. अगदी पुढच्या बाजूची खालची केबिन स्वस्त पडते, पण पहाटे जहाज धक्क्याला लागताना तिथे थ्रस्टर्सची, म्हणजे जहाज आडवं सरकवणाऱ्या पंख्यांची, घरघर आणि हादरे जाणवतात, आणि या मार्गावर जवळपास रोज पहाटे जहाज कुठल्या ना कुठल्या धक्क्याला लागतं. बाल्कनी परवडत असेल तर त्यांच्या खोलीलाच घ्या आणि तुम्ही तिघं आतली खोली घ्या. दिवसा तुम्ही खोलीत नसणारच आहात.